सातव्या नंबरचा सर्व्हर

ग्वाल्हेरात इंदरगंजातल्या ऑफिसच्या दुसऱ्या मजल्यावर मंदाताई इंगळे बारा दिवसांपासून एकच पट्टी बघत बसल्या होत्या. पडद्यावर हिरवी पट्टी आणि खाली आकडा. सकाळी तीन टक्के. चहा पिऊन आलं तरी तीनच. जेवून हात धुऊन आलं की चार. संध्याकाळपर्यंत कशीबशी चाळिशी गाठायची आणि तिथे बहुतेकदा धाप लागून बंद पडायची, म्हणजे दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. असे दोनशे बारा कॉम्प्युटर होते, आणि बारा दिवसांत नवं सॉफ्टवेअर चढलं होतं एकोणीसांवर.

मंदाताई सत्तावन्न वर्षांच्या. पाणी तपासणाऱ्या खात्यात टायपिस्ट म्हणून लागल्या होत्या. ऑफिसात पहिला कॉम्प्युटर आला तेव्हा बिघडला तर आपल्या अंगाशी येईल म्हणून सगळ्या पुरुषांनी तो त्यांच्या टेबलावर ढकलला. ताईंनी तो उघडला, पुसला आणि शिकून घेतला. तेव्हापासून तिथलं प्रत्येक यंत्र त्यांच्याच गळ्यात. हात कुशल, जीभ तिखट. साहेबलोकांबद्दल त्यांचं मत फारसं चांगलं नव्हतं, आणि ते त्या मनात ठेवत असत असंही नाही.

आता हे नवं सॉफ्टवेअर कुठून उपटलं? तर सरकारला एकत्र करायची उबळ आली. माती तपासणारं खातं वेगळं होतं, पाणी तपासणारं वेगळं, बियाणं तपासणारं वेगळं. तिघांचं बरं चाललं होतं, म्हणजे कुणी कुणाच्या वाटेला जात नव्हतं. तिन्ही मोडून ‘एकीकृत परीक्षण मंडळ’ उभं केलं. मुख्यालय भोपाळला, खाली सात केंद्रं. पहिलं वर्ष पाट्या रंगवण्यात गेलं. दुसरं गेलं साहेबांत थोर कोण आणि लहान कोण हे ठरवण्यात. तिन्ही खात्यांचे साहेब एका ज्येष्ठता यादीत बसवायचे, आणि प्रत्येकाला मानाचा पाट हवा. शहडोलचे साहेब आणि रीव्याचे साहेब तर पहिल्या नंबरासाठी कोर्टात गेले. कोर्टानं सांगितलं की निकाल लागेपर्यंत यादी आहे तशी राहू द्या, तिला हात लावू नका. तिसऱ्या वर्षी कुणाला तरी आठवलं की मंडळाचं काम परीक्षण करणं हे आहे, आणि मग सगळ्या केंद्रांत एकसारखं सॉफ्टवेअर बसवायचा हुकूम निघाला.

हुकमावर सही होती उपसंचालक मधुसूदन पागनीसांची. हा गृहस्थ ग्वाल्हेरचाच, पाटणकर बाजारात लहानाचा मोठा झालेला. भोपाळची खुर्ची मिळाल्यापासून मराठी बोलायला त्याचं तोंड दुखत असे. हुकमात लिहिलं होतं की महिनाअखेर ज्या केंद्राचं काम अपुरं राहील तिथला संगणक कक्ष बंद करण्यात येईल आणि कर्मचारी अन्यत्र पाठवण्यात येतील. हळू तर सगळीकडेच चाललं होतं. पण नावनिशीवार पत्र आलं एकट्या ग्वाल्हेरला, कारण इथले केंद्रप्रमुख शिवाजीराव महाडिक हे सातांत सगळ्यात कनिष्ठ, आणि कनिष्ठाचा कान पिळायला धाडस लागत नाही. पत्रात पाच नावं होती. मंदाताईंच्या नावापुढे लिहिलं होतं, जबलपूर.

जबलपूर काही काळ्या पाण्याची शिक्षा नव्हे. एरवी ताई तीन वर्षं तिथे दात-ओठ खात काढून निवृत्त झाल्या असत्या. पण घरी जयसिंहराव होते. ताईंचे यजमान. फौजेतून सुभेदार होऊन परतले आणि चार वर्षांपूर्वी साखरेनं त्यांचे दोन्ही डोळे नेले. तरी माणूस कुणावर ओझं झाला नाही. थाटीपुरच्या सरकारी क्वार्टरात दोघांनी सत्तावीस वर्षं काढली होती, तिथली सगळी जमीन त्यांच्या पायांना ठाऊक. घराच्या पायरीपासून दुधाच्या बूथपर्यंत दोनशे चौदा पावलं. तिथून डावीकडे कडुलिंबाखालच्या बाकापर्यंत एकशे तीस. फौजेतली ढांग, एक पाऊल कमी नाही की जास्त नाही. रोज सकाळी काठी घेऊन एकटे जायचे, दूध घ्यायचे, बाकावर बसून चार रिकामटेकड्यांशी राजकारणावरून भांडायचे आणि खुशीत परत यायचे. नव्या गावात याच माणसाला ताई ऑफिसातून येईपर्यंत एका खोलीत खुर्चीवर बसून राहावं लागलं असतं.

पत्र आलं त्या दिवशी ताईंनी ते वाचून दाखवलं. जयसिंहरावांनी ऐकून घेतलं. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी बाहेर जाणं बंद केलं. ताईंनी कारण विचारलं तर शांतपणे म्हणाले, “पुढे विसरायचंच आहे, तर आतापासून विसरायला लागतो.” तेव्हापासून दूध शेजारच्या लीलाताई आणून देत होत्या. सगळ्या जगाला फाडून खाणाऱ्या मंदाताई या वाक्याचा राग त्या हिरव्या पट्टीवर काढत होत्या.

रोज अकरा वाजता पागनीस सगळ्या केंद्रांची पडद्यावर हजेरी घ्यायचा. शहडोलचं काम पहिल्याच आठवड्यात शंभर टक्के झालं होतं, म्हणून रोज पाच मिनिटं शहडोलचं कौतुक. आदर्श केंद्र म्हणे. मग ग्वाल्हेरची पाळी. पागनीस चष्मा पुसत एकच वाक्य टाकायचा, “मैडम, ग्वालियर में ही कुछ गड़बड़ है, लाइन चेक कराइए,” आणि बाजूला बसलेले शिवाजीराव स्वतःच तार कुरतडल्यासारखे खाली बघायचे.

शिवाजीरावांच्या मते हे माकडांचं काम होतं. गच्चीवरच्या तारा माकडं चावतात, असा त्यांचा सिद्धान्त. त्यांनी वन खात्याला लिहायच्या पत्राचा कच्चा मसुदाही तयार केला. ताईंनी गच्चीवर जाऊन तारा वीत वीत तपासल्या, धड होत्या. खालच्या मजल्यावरचा, सगळ्या तारा जिथे जुळतात तो जुना डबा बदलून नवा बसवला, फरक नाही. इंटरनेटवाल्याला बोलावलं, तो आला, पाणी प्याला, सगळं ठीक आहे म्हणाला आणि गेला. म्हणून ताईंनी दुसरीकडून एक भलीमोठी फाईल उतरवून पाहिली. दोन मिनिटांत आली. म्हणजे लाइन धडधाकट होती. ऑफिसातल्या गर्दीमुळे होत असेल म्हणून रविवारी सकाळी सात वाजता एकट्या जाऊन बसल्या. सबंध इमारतीत त्या आणि झाडूवाला. तरी तीन टक्के. कुठेतरी पाणी मुरत होतं, पण ते ग्वाल्हेरात मुरत नव्हतं एवढं त्यांना कळलं.

तेराव्या दिवशी त्यांनी सगळ्यांचे सल्ले गुंडाळून ठेवले आणि यंत्रालाच विचारलं, की बाबा रे, तू हा माल आणतोस तरी कुठून? तशी सोय असते. सामान कुठल्या कुठल्या वाटेनं येतंय त्याचे सगळे टप्पे पडद्यावर दिसतात. ग्वाल्हेर, भोपाळ, जबलपूर आणि शेवटी शहडोल. ताई बघतच राहिल्या. सॉफ्टवेअरच्या पॅकेजांची पूर्ण प्रत साती केंद्रांच्या सर्व्हरवर होती. ग्वाल्हेरचा सर्व्हर तर त्यांच्याच खोलीत, त्यांच्या खुर्चीमागच्या लोखंडी कपाटात घरघरत होता. दर सोमवारी भोपाळहून डिस्क यायची आणि ताई स्वतः तिच्यातून नवी पॅकेजं त्याच्यात भरायच्या. आपली यंत्रं तिथूनच घेतात असं त्या धरून चालल्या होत्या. बारा दिवस कपाटाला पाठ लावून आपण शहडोलच्या नावानं वाट बघत बसलो, हे लक्षात आल्यावर त्यांनी स्वतःलाच दोन शिव्या घातल्या.

मग त्यांनी ती फाईल उघडली जिच्यात सर्व्हरांची नावं लिहिलेली असतात. सात ओळी. पहिलं शहडोल, दुसरं रीवा, आणि असं करत सातवं ग्वाल्हेर. यंत्राचा नियम साधा असतो. पहिल्यापासून विचारत जायचं. पहिला उत्तर देतोय तोवर, मग तो कितीही रडतखडत देवो, दुसऱ्याचं दार ठोठवायचं नाही. आणि शहडोलचा सर्व्हर म्हणजे जुनंपुराणं खोकं, बारीक लाइनीवर टांगलेलं, साती केंद्रांची चौदाशे यंत्रं त्याच्याच दाराशी रांग लावून उभी. शहडोलवाल्यांना मात्र घरचंच दुकान, म्हणून ते आदर्श केंद्र.

पण हा क्रम लावला कुणी? ना अंतराचा हिशेब, ना लाइनीचा, ना मुळाक्षरांचा. ताईंना वाटत राहिलं की ही नावं आपण याच क्रमानं कुठेतरी वाचली आहेत. उठून जिन्यापाशी गेल्या. नोटीस बोर्डावर साहेबांची ज्येष्ठता यादी डकवली होती. पहिले शहडोलचे साहेब, दुसरे रीव्याचे, सातवे शिवाजीराव महाडिक. मुख्यालयातल्या कुणा शहाण्याला केंद्रांची यादी मागितली तेव्हा त्यानं ही यादी काढून दिली, आणि साहेब जितका ज्येष्ठ तितका त्याचा सर्व्हर वर बसला. ताईंनी कपाळाला हात लावला.

त्या तडक शिवाजीरावांकडे गेल्या आणि दोन्ही कागद त्यांच्यापुढे ठेवले. शिवाजीरावांनी चष्मा लावला. एक नाव इकडे, एक नाव तिकडे, असं बोट ठेवून साती नावं ताडून पाहिली. मग मान वर करून समाधानानं म्हणाले, “क्रम तर बरोबर आहे नं, ताई.”

ताईंनी त्यांना समजावलं की साहेब, सर्व्हरला नोकरीत लागल्याची तारीख नसते. आपल्या खोलीतला सर्व्हर वर घेतला की काम एका दुपारचं आहे. शिवाजीरावांच्या कपाळाला घाम फुटला. स्वतःचं नाव शहडोलच्या वर? कोर्टाची स्थगिती असलेल्या यादीत? त्यांनी पाण्याचा ग्लास रिकामा केला आणि सांगितलं की हे मुख्यालयाला विचारल्याशिवाय होणार नाही.

पुढच्या अकराच्या हजेरीत मुख्यालयाला विचारलं. पागनीसला कळत नव्हतं असं नाही. तो इंजिनियर माणूस, पहिल्या वाक्यातच उमजला. त्याचा चेहरा पडला आणि लगेच सावरला. प्रकरण न्यायप्रविष्ट आहे, तो हिंदीत म्हणाला, क्रमात कुणीही फेरफार केला तर कोर्टाचा अवमान होईल. सर्व्हरची यादी वेगळी आणि साहेबांची वेगळी, असं ताई सांगायला लागल्या तर त्यानं त्यांचा आवाज बंद केला. वर दुपारी एक कागद पाठवला, की विलंबाचं कारण ग्वाल्हेर केंद्राच्या स्थानिक तारांत आहे असं मंदाताईंनी लिहून सही करून द्यावं. कागद घेऊन शिवाजीरावच आले. म्हणाले, जाऊ द्या नं ताई, सही करून मोकळ्या व्हा, जबलपूर चांगलं गाव आहे, नर्मदा आहे. ताईंनी त्यांच्याकडे असं पाहिलं की ते कागद टेबलावर ठेवून आल्या पावली परत गेले.

त्या संध्याकाळी सवाऱ्या नेणाऱ्या टेम्पोत बसून घरी जाताना ताईंना त्यांचे वडील आठवले, आणि हे आठवणं काही प्रेमाचं नव्हतं. महिपतराव कदम एका खात्यात कारकून होते. १९५६ साली मध्य भारत मोडून मध्य प्रदेश झाला, सगळीकडचे कारकून एका यादीत कालवले गेले, आणि महिपतराव आपल्या मागून लागलेल्या त्रेसष्ट माणसांच्या खाली जाऊन बसले. त्यानंतर तीस वर्षं त्यांनी एकच उद्योग केला. अर्ज लिहिले. सविनय निवेदन, सविनय निवेदन, असे एक्केचाळीस अर्ज. घरात जेवणाच्या पाटावरसुद्धा यादी. मंदा लहानपणापासून त्या यादीचा आणि त्या सविनय माणसाचा राग करत आली. ती बारा वर्षांची असताना एकदा हेडक्लार्क आजारी पडला, दुसरा रजेवर गेला, तिसरा दौऱ्यावर, आणि महिपतरावांना चार दिवस हेडक्लार्कचा प्रभार मिळाला. चार दिवस ते काळा कोट घालून गेले. मंदाला मुद्दाम नेऊन ती खुर्ची दाखवली. चार दिवसांच्या खुर्चीवर एवढा आनंद, म्हणून तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. तेव्हा त्यांनी जे सांगितलं होतं ते तिनं अर्धवट कानानं ऐकलं होतं. आता थाटीपुरच्या वळणावर ते अख्खं आठवलं.

“वरिष्ठ हजर नसला की प्रभार पुढच्याकडे येतो, मंदे. त्याला यादी बदलावी लागत नाही.”

ताईंनी टेम्पोतच हात जोडले. शेजारच्या बाईला वाटलं रस्त्यात देऊळ लागलं, तिनंही जोडले.

दुसऱ्या दिवशी दहा वाजता त्या कामाला लागल्या. यादीला बोट लावलं नाही. ग्वाल्हेर केंद्राची सगळी ये-जा ज्या यंत्रातून होते, त्याची किल्ली ताईंकडे. तिथे त्यांनी सहा ओळी लिहिल्या, की आपल्या कुणी शहडोलला विचारलं तर लगेच सांगायचं, दार बंद आहे. रीव्याला विचारलं तर तेच. सहाही ठिकाणी तेच. मग पहिला कॉम्प्युटर चालू केला. त्यानं शहडोलला विचारलं, नाही. रीव्याला विचारलं, नाही. सहा साहेबांच्या बंद दारांवरून पुढे जात तो सातव्याकडे आला, आणि खुर्चीमागचं कपाट जोरात घरघरायला लागलं. हिरवी पट्टी सरसर धावली. चार मिनिटांत काम फत्ते. ताईंनी वीस-वीसच्या टोळ्या केल्या. खालच्या मजल्यावरची माणसं आपलं यंत्र आधी करा म्हणून जिन्यात उभी राहिली. साडेतीन वाजता दोनशे बारा झाले. ताईंनी त्या सहा ओळी पुसल्या, सहाही साहेब पुन्हा कामावर रुजू झाले, आणि यादी जशीच्या तशी राहिली.

चौथ्या दिवशी भोपाळहून कारणे दाखवा नोटीस आली. ज्येष्ठताक्रमात अनधिकृत फेरबदल का केला. शिवाजीराव ती नोटीस दोन बोटांत धरून आले. ताईंनी तिथल्या तिथे उत्तर टाईप केलं आणि त्यांना मोठ्यानं वाचून दाखवलं. यादीत काडीमात्र फेरबदल केलेला नाही, हवं तर फाईल उघडून पाहावी. सदर दिवशी सकाळी दहा ते दुपारी साडेतीन या वेळात क्रमांक एक ते सहा हे ग्वाल्हेर केंद्रात उपलब्ध नव्हते. नियमानुसार प्रभार क्रमांक सातकडे आला, आणि त्यानं तो पार पाडला. शिवाजीरावांनी दोनदा ऐकलं. मग त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू असं काही उमटलं, की सातव्या नंबरवर बसल्याचं या माणसाला पहिल्यांदाच बरं वाटलं असावं. सही त्यांनी केली.

दोन दिवसांनी पागनीसचा फोन आला. कार्यालयाच्या फोनवर नव्हे, ताईंच्या मोबाइलवर. आणि चक्क मराठीत.

“मंदाताई, बाकीच्या केंद्रांनाही करायचं आहे. तुम्ही सहा ओळी कुठे लिहिल्या, तेवढं तोंडी सांगता का?”

“लेखी मागा,” ताई म्हणाल्या. “लेखी उत्तर देईन. आणि आमच्या पाच नावांचं काय ते आधी लेखी पाठवा.”

पागनीसनं फोन ठेवला. संध्याकाळच्या आत पत्र आलं. ग्वाल्हेर केंद्राचं काम मुदतीत पूर्ण झाल्याने स्थलांतराचा प्रस्ताव रद्द. एवढ्या दोन ओळी, आणि तिसऱ्या ओळीत शहडोलचं अभिनंदन, कारण त्यांचा नंबर पहिला. ताई खो खो हसल्या. हसता हसता डोळ्यांत पाणी आलं, तशी पदरानं तोंड पुसून त्यांनी पत्राची एक प्रत काढली आणि पिशवीत घातली.

घरी जयसिंहराव खुर्चीवर बसले होते. ताईंनी चपला न काढताच पत्र वाचून दाखवलं, शहडोलच्या ओळीसकट, त्या ओळीवर आपल्याकडच्या चार शिव्या घालून. जयसिंहरावांनी सगळं ऐकलं. उठले, खुंटीवरून पिशवी घेतली, दारामागची काठी घेतली आणि बाहेर पडले. ताई पायरीवर उभ्या राहून बघत होत्या. बूथपाशी ते जरा अडखळले, काठीनं चाचपलं, मग पुढे झाले. दुधाची पिशवी घेऊन परत आले तेव्हा त्यांना धाप लागली होती.

“दोनशे तेवीस,” पायरीवर टेकत ते म्हणाले. “बूथ हलवला का गं त्यांनी?”

बूथ जागच्या जागी होता. खुर्चीवर बसून बसून त्यांचं पाऊल आखडलं होतं. भोपाळपासून शहडोलपर्यंतच्या प्रत्येक साहेबासाठी ताईंच्या जिभेवर शब्द तयार होते, त्यातला एकही त्यांनी काढला नाही. त्यांच्या हातातली दुधाची पिशवी घेतली आणि म्हणाल्या, “हो, थोडा सरकवलाय. उद्या सकाळी पुन्हा मोजा.”